एकशे त्र्याऐंशी दिवस

मुलींना क्रिकेट शिकवलं की मुलींचा संघ उभा राहतो, अशी अनुपमा सबनीसची भाबडी समजूत होती. तीन महिन्यांत ती पार मोडून पडली. बॅट कशी धरायची, चेंडूच्या मागे कसं यायचं, हे सगळं मुली शिकतात. शिकत नाहीत ते त्यांचे बाप. आणि संघ शेवटी उभा राहतो तो बापांच्या सह्यांवर, बापांच्या कंपन्यांच्या पत्रांवर आणि कंपनीच्या तिजोरीत पडलेल्या पासपोर्टांवर.

२००६ सालची गोष्ट. अबू धाबीतल्या एका भारतीय शाळेत अनुपमा पी.टी. शिकवायची. लग्नाआधी ती पुणे विद्यापीठाकडून ऑफस्पिन टाकायची, हे तिनं एकदा स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगितलं आणि तिथंच फसली. पुढच्या जानेवारीत मलेशियात एक स्पर्धा होती आणि तिथं या आखाती देशातर्फे मुलींचा संघ पाठवायचा असं ठरलं होतं. देशाचा पहिलाच संघ. मुली कोण, शिकवणार कोण, खेळायचं कुठं, याचा कुणालाच पत्ता नव्हता. मग कुणीतरी कुणाला तरी सांगितलं की अमुक शाळेत एक मॅडम आहेत, आणि बघता बघता अनुपमा कोच, मॅनेजर, हमाल आणि टपालवाली असं सगळं एकदमच झाली. पगार वगैरे काही नाही. एक टोपी मिळाली, तीही पुरुषांच्या मापाची.

मैदान मिळालं मुसफ्फात, वर्कशॉपांच्या रांगांमागे. सिमेंटची पट्टी आणि भोवती माती. शुक्रवारी सकाळी सहा ते आठ एवढीच वेळ, कारण आठला एका कंपनीच्या पुरुषांचा संघ यायचा. हे पुरुष साडेसातपासूनच कडेला उभे राहून घड्याळाकडे बघत बसायचे. सिमेंटवर मॅटिंग अंथरायचं, चारी बाजूंनी खिळे ठोकायचे, हे काम मुलींचं. आठ वाजले की हेच पुरुष त्याच मॅटिंगवर खेळायचे आणि वर सांगायचे, “मॅडम, जरा टाइट लगाया करो.” अनुपमा ते ऐकून घ्यायची. न ऐकून करते काय, मैदान त्यांचं.

मुली तेरा जमल्या. शारजाहून शहनाझ यायची. तिचे वडील पहाटे साडेतीनला गाडी काढायचे आणि मुलगी खेळत असताना गाडीतच झोपायचे. विनिता नावाची एक मुलगी होती, तिला चेंडू जवळ आला की डोळे मिटायची सवय. रंजिता डावखुरी, सगळ्यांत वेगात टाकणारी. आणि अनुपमाची स्वतःची ईशानी, एकोणीस वर्षांची, यष्टिरक्षक. घरचीच मुलगी संघात घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून अनुपमा तिला इतरांपेक्षा दुप्पट झेल द्यायची आणि चौपट ओरडायची. ईशानी उलटून बोलायची नाही. ग्लोव्हज झटकायची आणि म्हणायची, “वन मोअर.”

खेळाचं असं ठीक चाललं होतं. डोक्याला ताप होता तो कागदांचा.

नियम साधा होता. मुलगी या देशात जन्मलेली नसेल, नागरिकही नसेल, तर मागची चार वर्षं ती इथं राहिलेली हवी. राहिलेली म्हणजे दर वर्षी किमान एकशे त्र्याऐंशी दिवस. दिवस पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांवरून मोजायचे, तक्त्यात भरायचे आणि खाली मॅनेजरनं सही करायची. एवढंच. पण एकेकाकडून पासपोर्ट मिळवताना अनुपमाच्या नाकी नऊ आले. एका वडिलांनी सगळ्या घराचे पासपोर्ट कंपनीकडे दिलेले. ते सोडवायला कंपनीला अर्ज, अर्जाला साहेबाची सही, आणि साहेब सुट्टीवर. दुसऱ्या एका वडिलांनी पहिल्या पानाची झेरॉक्स पाठवली. फोटो छान आला होता. शिक्के कुठं आहेत विचारलं, तर म्हणाले, “शिक्के कशाला? आम्ही काय पळून जातोय?” तिसऱ्याला केव्हाही फोन करा, तो म्हणायचा, “इन्शाल्ला, मॅडम, टुमारो.” असे एकोणीस टुमारो झाले तेव्हा अनुपमा त्याच्या दुकानात जाऊन बसली आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत हलली नाही.

त्यात त्या सप्टेंबरात सरकारनं सुट्टी बदलली. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली. अर्ध्या कंपन्यांनी नवी सुट्टी घेतली, अर्ध्या जुन्यालाच चिकटून राहिल्या. कुठलं ऑफिस कधी उघडं, हे कुणाला सांगता येईना. अनुपमाला वाटायचं, एकवेळ अकरा मुलींकडून शतक काढून घेता येईल, पण अकरा बापांकडून एका दिवशी अकरा सह्या नाही.

सगळ्यांत नीट कागद आणले ते दत्तारामनं. दत्ताराम रंजिताचा बाप. मूळचा गुहागरचा, मुसफ्फातल्याच एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन. बायको-मुलीला इथं आणायला त्याला आठ वर्षं लागली होती. एका शुक्रवारी तो पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आला. अनुपमानं गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिथंच शिक्के मोजले. तीन वर्षं चोख. चौथ्या वर्षी एकशे चौऱ्याहत्तर.

“नऊ कमी पडतात, दत्ताराम.”

“त्या वर्षी माझी आई आजारी होती, मॅडम. म्हणून या दोघी गावाला जास्त राहिल्या. मी इथंच होतो.”

“तुमचे दिवस नाही मोजायचे. हिचे मोजायचेत.”

“नऊच दिवस आहेत. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना! उद्या मी खोटं लिहिलं आणि तिकडे कुणी शिक्के मोजले, तर सगळा संघ परत येईल. बारा मुलींचं नुकसान. नियम म्हणजे नियम.”

“बरोबर आहे तुमचं,” असं म्हणून दत्तारामनं पासपोर्ट पुन्हा पिशवीत घातला. त्यानं भांडण केलं असतं तर अनुपमाला बरं वाटलं असतं. पुढच्या शुक्रवारी रंजिता नेहमीसारखी हजर. “नेटमध्ये टाकते, मॅडम. यांना प्रॅक्टिस होईल,” म्हणाली. अनुपमाला तिचाही राग आला. संघात नसलेल्या पोरीनं इतका चांगला चेंडू का टाकावा?

तर आता मुली उरल्या बारा. कागद पाठवायचे होते गुरुवारी दुपारपर्यंत, पण तिचा जवळचा फॅक्सवाला जुन्या सुट्टीवाला, गुरुवारी बंद. म्हणजे बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळं गेलंच पाहिजे. बुधवारी शाळा सुटल्यावर ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर बारा फॉर्म मांडून बसली. राजन, तिचा नवरा, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर होता. त्याचं ऑफिस दुपारी एक ते चार बंद असायचं, त्यामुळे तो जेवून सोफ्यावर आडवा झाला होता.

अकरा फॉर्म भरून, तपासून, सह्या करून झाले. ईशानीचा तिनं शेवटी ठेवला होता. घरचीच मुलगी, तिचं काय तपासायचं? राजननं पासपोर्टला प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, आत व्हिसाच्या झेरॉक्सा तारखेनुसार लावलेल्या. बारांत एवढा नीटनेटका पासपोर्ट दुसरा नव्हता.

जन्मस्थान, पुणे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अनुपमा सातव्या महिन्यात विमानात बसली होती. नाहीतर हीच पोरगी इथं समुद्रकाठच्या कॉर्निशवरच्या हॉस्पिटलात जन्मली असती आणि आज शिक्के मोजायची वेळच आली नसती. जाऊ दे. अनुपमानं पेन घेतलं आणि शिक्के मोजायला लागली.

दोन हजार तीनचा जून. बाहेर. ऑक्टोबर, आत. नोव्हेंबर, बाहेर.

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

दहावी झाल्यावर ईशानीला अकरावी-बारावीसाठी पुण्याला पाठवलं होतं, कोथरूडला मावशीकडे. त्यात नवल काहीच नव्हतं. बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांतून मुलं अशीच जायची. तिकडे क्लास, तिकडे सीईटी, तिकडे इंजिनिअरिंग. या देशाचा काय भरवसा, आज नोकरी आहे, उद्या नाही. पण म्हणून इथला व्हिसा कुणी सोडून देतं का? सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की व्हिसा मेला, हे गल्फमधल्या प्रत्येक आईला पाठ असतं. म्हणून सहा महिने भरायच्या आत पोराला विमानात घालायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि परत पाठवायचं. याला सगळे ‘व्हिसा जिवंत ठेवणं’ म्हणायचे. अनुपमानं तर त्यासाठी फ्रिजवर तारखांचा तक्ता लावला होता, आणि शेजारणी तो बघून जायच्या. एकही तारीख चुकली नाही. पुण्याहून परत आली तेव्हा ईशानीचा व्हिसा ठणठणीत होता.

त्या तक्त्याचा अनुपमाला अभिमान होता. तो इतका, की मुलगी इथं राहतच नव्हती, हे गेल्या तीन महिन्यांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही. पासपोर्टात व्हिसा आहे म्हणजे मुलगी इथली. संपलं. दुसऱ्यांच्या मुलींचे नऊ-नऊ दिवस ती बॉनेटवर मोजत बसली होती.

“राजन, उठ.”

“झालं का फॅक्स?”

“उठ आधी. हे मोज.”

राजननं चष्मा लावला, मोजलं, आणि पासपोर्ट मिटून टेबलावर ठेवला. “त्यात काय मोजायचं? सलग चार वर्षांचं काय घेऊन बसलीस, एकोणीस वर्षं व्हिसा आहे तिचा. एक दिवस तुटलेला नाही. मी तुटू दिला नाही.”

“व्हिसा राहिला इथं. ती कुठं राहिली?”

“अगं, आठव, दोन हजार चारच्या नोव्हेंबरात चार दिवसांसाठी आणली आपण तिला. साडेआठशे दिरहम पडले, म्हणजे दहा हजार रुपये! चार दिवसांसाठी! ते कशाला? ती इथली रेसिडेंट राहावी म्हणूनच ना?”

अनुपमाला ते चार दिवस आठवले. सहा नोव्हेंबरला मुदत संपत होती आणि दिवाळी होती बाराला. कॉलेज एवढी सुट्टी देईना. मग पोरीला दोनला आणलं आणि पाचला परत पाठवलं. दिवाळी तिनं मावशीकडे केली. त्या वेळी सगळ्यांनी अनुपमाचं कौतुकच केलं होतं, काय नेमकं जमवलंस म्हणून.

“सही कर आणि पाठव,” राजन म्हणाला. “फॉर्मवर सही तुझी. तिकडे शिक्के कोण मोजणार आहे? आणि ती नसेल तर कीपिंग कोण करणार?”

“शहनाझ करेल.”

“तिला येतं?”

“नाही येत!” अनुपमा ओरडली. “कुणालाच येत नाही! आणि अकरावी खेळाडू म्हणून विनिताला घ्यावं लागणार. डोळे मिटते ती! मलेशियात पहिल्या चेंडूला डोळे मिटून उभी राहील. मी काय करू मग? दत्तारामला काय सांगू? तुमच्या मुलीचे नऊ दिवस जड झाले आणि माझ्या मुलीचे शेकड्यांनी चालले?”

“दत्तारामला कोण सांगायला जातंय?”

हेच वाक्य दुसऱ्या कुणा बापानं म्हटलं असतं तर त्याला अनुपमानं मैदानाबाहेर काढलं असतं. राजनला घराबाहेर काढता येत नव्हतं, आणि तसंही पावणेचार वाजले होते. तो आपणच बूट घालून ऑफिसला गेला. जाताना म्हणाला, “तूच काय ते ठरव, पण पोरीचा विचार कर.” पोरीचा विचार करूनच तर तिला पुण्याला पाठवली होती. दुसरं काय केलं होतं अनुपमानं आयुष्यभर?

तिनं कागद घेऊन सगळे दिवस पुन्हा एकदा उतरवले. ऑक्टोबर-नोव्हेंबर, बारा. एप्रिल-मे, सतरा, तेव्हा सुट्टीतले क्लास लवकर सुरू होणार होते. नोव्हेंबर, चार. मग मार्च दोन हजार पाचमध्ये ईशानी कायमचीच परतली. सीईटी देणार नाही, पुण्याला जाणार नाही, इथल्याच कॉलेजात शिकणार, असं विमानतळावरच सांगून टाकलं होतं तिनं. त्यावरून घरात दोन महिने धुसफूस चालली होती. आत्तापर्यंत अनुपमाला वाटायचं, पोरीनं सोन्यासारखी संधी घालवली.

बारा, सतरा, चार. तेहतीस. पावणेदोन वर्षांत तेहतीस दिवस.

मघापासून ती तेहतीसकडे एकशे त्र्याऐंशीत किती कमी म्हणून बघत होती. आता तिला दिसलं की सोळा ते अठरा वर्षांची तिची एकुलती एक मुलगी तिच्या घरात एवढीच राहिली होती. एखादा पाहुणासुद्धा यापेक्षा जास्त राहतो.

तिनं ईशानीच्या फॉर्मवर आडवी रेघ मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मग विनिताचा फॉर्म अकरांत आहे ना, हे पुन्हा बघितलं आणि स्वतःवरच चिडत चहा टाकला.

पाच वाजता ईशानी कॉलेजच्या बसनं आली. बॅग खुर्चीवर टाकली, टेबलावर उघडा पडलेला पासपोर्ट बघितला, फाटलेला फॉर्म बघितला.

“ओ,” ती म्हणाली. “यू काउंटेड.”

“म्हणजे? तुला माहीत होतं?”

“फॉर्म मी पहिल्याच दिवशी वाचला, आई.”

“आणि बोलली नाहीस? तीन महिने? पहाटे चारला उठून मी तुला मैदानावर नेतेय, बोटं सुजेपर्यंत तू झेल घेतेस, आणि तुझ्या तोंडून एक शब्द निघत नाही?”

“आय थॉट यू न्यू.” ईशानीनं खांदे उडवले. “तू सगळ्यांचेच मोजत होतीस. रंजिताचे मोजलेस तेव्हा वाटलं, नाउ शी विल डू माइन. यू डिडन्ट. मग वाटलं, मेबी व्हिसा इज इनफ.”

“व्हिसा इनफ असता तर काय हवं होतं! मी फसले, ईशू. माझ्याच हातानं मी तुला बाहेर काढलं. तिकडे तुझं भलं होईल म्हणून पाठवलं, इथलंही सुटू नये म्हणून तुला सारखी आणत राहिले, आणि आता…”

“आई, इट्स ओके.”

“इट्स ओके म्हणू नकोस! जरा भांड तरी! दत्ताराम भांडला नाही, तू भांडत नाहीस, सगळे समजूतदार होऊन मलाच मारायला उठलेत!”

ईशानी हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिनं ते मनगटानं पुसले आणि विचारलं, “कीपिंग कोण करणार?”

“शहनाझ.”

“शी ड्रॉप्स एव्हरीथिंग ऑन द लेग साइड.”

“माहीत आहे मला! आणि मी तरी काय करणार होते? तेहतीस दिवस, ईशू. तेहतीस. कुठून आणू उरलेले?”

“तेहतीस नाही,” ईशानी म्हणाली. “सत्तावीस.”

“तीनदा मोजलेत मी. बापाकडूनही मोजून घेतले.”

“यू काउंटेड द फ्लाइट डेज. येण्याचा आणि जाण्याचा दिवस मी कधी धरला नाही. येताना विमान रात्री पोचायचं, तू म्हणायचीस, झोप आता, उद्या बोलू. आणि जायच्या दिवशी तू सकाळपासून माझी बॅग भरत असायचीस.”

“तू कधी मोजलेस?”

“तिकडे. मावशीच्या कॅलेंडरवर.”

अनुपमाला काहीतरी बोलायचं होतं, आणि सवयीनं ते रागानंच बोलायचं होतं. पण राग काही येईना. गेले तीन महिने तो किती सहज यायचा. ती तशीच टेबलाला धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ईशानीनं अकरा फॉर्म गोळा करून फाइलमध्ये घातले. “फॅक्सवाला सहाला बंद करतो. मी टाकून येते, तू बस.”

“नको,” अनुपमा म्हणाली. “थांब. मी येते बरोबर.”

आणि ती पदरानं तोंड पुसत दाराशी चपला शोधायला लागली.